चर्चमधली पवित्र पात्रं: पुसायची कशी, ठेवायची कशी

आज आधी माझी एक चूक सांगतो, मग विषयाकडे येतो.

मी वसईचा, कॅथलिक. फौजेतून निवृत्त होऊन घरी आलो आणि आमच्या चर्चच्या सॅक्रिस्टीत, म्हणजे वेदीशेजारच्या तयारीच्या खोलीत, मदतीला जाऊ लागलो. तिथं कपाटात चांदीचा एक जुना चषक होता, काळवंडलेला. म्हटलं, ऑफिसर्स मेसमधली चांदी वर्षानुवर्षं चमकवून घेतली, हे काय अवघड? पॉलिश लावून आतबाहेर तासभर घासलं. चषक लखलखला. फादरांनी तो हातात घेतला, आत पाहिलं आणि गप्प झाले. आतला सोन्याचा मुलामा एका बाजूनं उडून खालची पांढरी चांदी दिसत होती.

हे एवढं मोठं का? मिस्सेत या चषकातला द्राक्षारस ख्रिस्ताचं रक्त होतो, अशी आमची श्रद्धा. म्हणून पात्र मौल्यवान धातूचं हवं, आणि धातू गंजणारा किंवा सोन्याहून कमी प्रतीचा असेल तर आतून मुलामा हवा, असा नियम आहे. काचेच्या, मातीच्या, सहज फुटणाऱ्या पात्रांना तर रोमनं २००४ साली स्पष्ट मनाई केली. थोडक्यात, नवा मुलामा चढेपर्यंत तो चषक वेदीवर गेला नाही. खर्च मी दिला. माझ्या आजीनं पाहिलेला मूळ मुलामा मात्र गेला तो गेलाच.

आता पद्धत. पहिलं शुद्धीकरण आपलं काम नाही. ते धर्मगुरू, डीकन किंवा रीतसर नेमलेला अकोलाइट करतो. चषकात पाणी घालून ते स्वतः पितो आणि छोट्या तागाच्या रुमालानं आतून पुसतो. त्या रुमालाचं पहिलं पाणीसुद्धा गटारात सोडत नाहीत. सॅक्रिस्टीत त्यासाठी वेगळं बेसिन असतं, त्याची नळी थेट मातीत उतरते. नसेल तर पाणी स्वच्छ जमिनीत ओततात.

त्यानंतर आपला हात. कोमट पाणी, थेंबभर सौम्य साबण, मऊ सुती कापड, आणि लगेच कोरडं करणं. द्राक्षारस आंबट, तो आत सुकू देऊ नये. चषक पाण्यात बुडवून ठेवू नये, कारण बरेचसे चषक आतून स्क्रूनं जोडलेले असतात, सांध्यात पाणी मुरतं. बोटांच्या घामाचे डाग उठतात, म्हणून सुती हातमोजे घालावेत.

चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकयुक्त वायूंमुळे. आमच्या किनाऱ्यावर दमट हवेची भर. त्यात लोकर, रबर, वर्तमानपत्र यांतूनही गंधक सुटतं, आणि आमच्याकडे नेमकी वर्तमानपत्राची गुंडाळी आणि वर रबरबँड! एका सिबोरियमच्या, म्हणजे ख्रिस्तप्रसादाच्या झाकणवाल्या पात्राच्या, गळ्याला रबराचा काळा पट्टा अजून आहे. तो काढायचा मोह मी आवरलाय. धुतलेलं, बिनखळीचं सुती कापड गुंडाळा, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, पात्रं एकमेकांत रचू नका.

राहिला हिशेब. फौजेत शस्त्रं कोतमध्ये कुलपात असतात आणि रोज मोजली जातात. १९८३ च्या चर्च-संहितेतही मौल्यवान वस्तूंची यादी करायला सांगितलंय, एक प्रत चर्चमध्ये, दुसरी बिशपांच्या कार्यालयात. ख्रिस्तप्रसाद ठेवतात त्या मंजूषेची किल्ली कसून जपावी, असंही त्यात आहे. आमच्या यादीत मी प्रत्येक पात्राचं वजन, फोटो आणि आधीचे ओरखडे जोडले. चोरी झाली तर पोलिसांना ‘एक चांदीचा पेला’ एवढंच सांगून भागत नाही.

तुमच्या देवघरात मुलाम्याची मूर्ती किंवा भांडं असेल तर त्याला चिंच नको, राख नको, पॉलिशही नको.

तो चषक आता पुन्हा वापरात आहे. फादरांनी मात्र कापड माझ्या हाती परत देण्याआधी सहा महिने माझ्याकडून फक्त रजिस्टर लिहून घेतलं.