स्थानिक मंडळी आणि व्यापक ऐक्य

बंगळूरच्या उत्तरेस असलेले येलहंका हे केंपेगौडांच्या घराण्याचे जुने ठाणे. 2007 साली ते बृहत् बंगळूर महानगरपालिकेत विलीन झाले. लहान घटक मोठ्या व्यवस्थेत सामावला गेला म्हणजे त्याच्या हाती काय उरते, असा प्रश्न अशा वेळी स्वाभाविकच उपस्थित होतो. त्यापूर्वी साठ वर्षे, 1947 साली, याच परिसरातील ख्रिस्ती मंडळ्यांपुढे तो उभा राहिला होता.

बंगळुरात तीन परंपरा शेजारी शेजारी नांदत होत्या. सेंट मार्क्स चर्च अँग्लिकन होते व तेथे बिशपची सत्ता मानली जाई. हडसन स्मारक चर्च वेस्लीपंथी मेथडिस्टांचे होते. त्या पंथात पाळकांची नेमणूक परिषद करीत असे. राइस स्मारक चर्च लंडन मिशनचे होते, आणि त्या परंपरेत प्रत्येक मंडळी आपला कारभार स्वतःच पाहत असे. हे भेद इंग्लंडच्या इतिहासातून उद्भवले होते. येथील ख्रिस्ती माणूस कोणत्या पंथाचा, हे बहुधा त्याच्या भागात कोणते मिशन कार्य करीत होते यावरच ठरे.

1908 साली दक्षिणेतील प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्या एकत्र आल्या. 1919 साली तरंगंबाडी येथे भरलेल्या परिषदेत बहुतेक प्रतिनिधी भारतीय होते. पहिले भारतीय अँग्लिकन बिशप व्ही. एस. अझरया हे त्यांतील एक प्रमुख होते. तेथून ऐक्याच्या वाटाघाटींना आरंभ झाला आणि त्या 28 वर्षे चालल्या.

वादाचा खरा मुद्दा पाळकांच्या दीक्षेचा होता. बिशपच्या हस्ते दीक्षा न घेतलेला पाळक अँग्लिकनांना मान्य होईना. उलट, बिशपच्या हस्ते पुन्हा दीक्षा घेणे म्हणजे आपले आजवरचे सेवाकार्य व्यर्थ ठरविणे, असे इतरांना वाटे. अखेर तोडगा निघाला. सर्व विद्यमान पाळकांना आहे तसेच स्वीकारावे, नव्या पाळकांना मात्र बिशपने दीक्षा द्यावी, आणि कोणत्याही मंडळीवर तिच्या सदसद्विवेकाविरुद्ध पाळक लादू नये, असे ठरले. उपासनेच्या रूढ पद्धतीही चालू ठेवण्याची मुभा राहिली.

27 सप्टेंबर 1947 रोजी मद्रासच्या सेंट जॉर्ज कॅथीड्रलमध्ये ‘चर्च ऑफ साउथ इंडिया’ची स्थापना झाली. तथापि सर्वांचे समाधान झाले नाही. आंध्रातील नंद्याळ भागातील अनेक अँग्लिकन कित्येक वर्षे बाहेरच राहिले. बंगळूरच्या वरील तिन्ही परंपरांच्या मंडळ्या मात्र म्हैसूर धर्मप्रांतात एकत्र आल्या. 1970 साली या धर्मप्रांताचे तीन भाग झाले व बंगळूर कर्नाटक मध्य धर्मप्रांतात आले.

त्याच वर्षी, 29 नोव्हेंबर रोजी, नागपूर येथे ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ची स्थापना झाली. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) भागातील अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्याही त्यात आल्या. येथे बाप्तिस्म्याचा प्रश्न अधिक बिकट होता. तो तान्ह्या मुलाला द्यावा की जाणत्या वयात, यावर मतभेद होते. दोन्ही पद्धतींना मान्यता देऊनच मार्ग काढावा लागला.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. ऐक्य घडले ते भेद पुसून टाकल्याने नव्हे. स्थानिक मंडळीने काही अधिकार व्यापक संस्थेकडे सोपविले, आणि त्या संस्थेनेही मंडळीच्या श्रद्धेला व रीतीला जागा ठेवली. जेथे हा विश्वास निर्माण झाला नाही, तेथे लोक दूर राहिले.