बुरशीचं दशक

आमच्या विंगमधला एक मुलगा गेल्या महिन्यात नोकरीसाठी कॅनडाला गेला आणि भाईंदरच्या जेसल पार्कमधल्या माझ्या ओळखीतला शेवटचा टॅरंट्युलावाला, म्हणजे मोठे केसाळ कोळी पाळणारा, संपला. त्याची मेक्सिकन रेड नी मादी कोणाला द्यायची यावर त्यांच्या घरी जी खलबतं झाली, ती जनावरापेक्षा कागदांचीच. वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर 'साइट्स' या वन्यजीव-व्यापार कराराच्या यादीतला प्राणी लोणच्याच्या बरणीसारखा शेजारी देऊन टाकता येत नाही; सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंद करावी लागते. कायद्याबद्दल माझी तक्रार नाही. २०२१ साली चेन्नईच्या कस्टम्सने पोलंडहून आलेल्या एका पार्सलमधून १०७ जिवंत कोळी बाहेर काढले, चंदेरी कागदात आणि कापसात गुंडाळलेल्या इवल्याशा कुप्यांमधून. या धंद्याला चाप बसायलाच हवा होता. तक्रार आहे ती त्याआधी कोळ्यांचं जे वाटोळं झालं त्याबद्दल.

२००० पूर्वी इथे सगळे गप्पी मासे आणि लव्हबर्ड्सवाले. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. खरे दिवस साधारण २००८ ते २०१८. कर्ली हेअर, चिलियन रोझ ही टॅरंट्युलांची नावं कॉलेजच्या पोरांच्या तोंडी आली आणि त्यांच्याबरोबर परदेशी सल्लेही आले. आर्द्रता सांभाळा, रोज फवारा मारा, पाण्याच्या वाटीत स्पंज ठेवा. थंडीत हीटर लावून घर कोरडं ठक्क होतं, तिथले हे सल्ले. भाईंदरच्या खाडीकाठी जुलैत हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर असते, भिंतींना पोपडे धरतात, पापड सादळतात आणि आम्ही कोळ्याला वर आंघोळ घालणार! दुकानदार काचेची बंद टाकी, कोकोपीटची वीट आणि स्प्रेची बाटली असा सेट गळ्यात मारत. टाकीला भोकं हवीत, हे एकानेही सांगितलं नाही.

मग बुरशी यायची. कोळी झुरळ चघळून त्याचा चोथा कोपऱ्यात टाकतो, सुरुवात तिथूनच. आधी एका तंगडीवर पांढरी लव दिसते. दोन दिवसांत ती चोथाभर पसरते आणि लवेच्या टोकांवर काळे ठिपके धरतात. बुरशीने कोळी सहसा मरत नाही. त्याला मारते ती कोंडलेली ओली हवा. काचेवर चढून बसलेला कोळी खालची माती ओली असल्याचंच सांगत असतो. कात टाकताना तो उताणा पडतो, तेव्हा मेला समजून किती कोळी कचऱ्यात गेले, देव जाणे.

उपाय पोरांनीच शोधले. किचनमधल्या प्लास्टिकच्या बरणीला सोल्डरिंग गनने एका बाजूला खाली आणि समोरच्या बाजूला वर भोकं पाडायची, म्हणजे हवा आरपार फिरते. माती वरून कोरडी ठेवायची. पाणी स्ट्रॉने एकाच कोपऱ्यात, तळाशी सोडायचं. चोथा सकाळी चिमट्याने उचलायचा. कुंडीखालचे उड्या मारणारे बारीक पांढरे किडे बरणीत सोडले की ते बुरशी खाऊन टाकतात. कोळी-अभ्यासक पोकॉकने १८९९ मध्ये माथेरानहून नोंदवलेला 'हॅप्लोक्लास्टस व्हॅलिडस' हा आपल्याकडचा टॅरंट्युला बिळाला झाकण करून तिथल्या धुवांधार पावसात राहतो. त्याला कोणी आर्द्रता मोजायला हायग्रोमीटर दिलेला नाही. मातीतून पाण्याचा निचरा होतो, तेवढं त्याला पुरतं.

पोरांचं हे शहाणपण जमून येईतो जेसल पार्कचीच हवा कोंडली. पूर्वी खिडकी उघडली की खाडीवरचा वारा घरभर फिरायचा आणि बरण्यांची निम्मी काळजी तोच घ्यायचा. आता समोर टॉवर, खिडक्या एसीसाठी बंद, गळक्या टेरेसवर निळी ताडपत्री. बुरशी बरणीतून निघून कपाटातल्या साड्यांवर आली. त्यावर इलाज म्हणून घरोघरी डांबरगोळ्या, आणि त्यांचा वास कोळ्याला विषासमान.

कोणाकडे अजून कोळ्याची एखादी बरणी असेल, तर जून लागताच स्प्रेची बाटली माळ्यावर टाका. डांबरगोळ्या आणि झुरळांचं औषध त्या खोलीत आणू नका. आणि 'परिवेश'वरची नोंदणी राहिली असेल, तर ती आधी उरका.