काचेच्या टाकीतला पाणसाप : हौस, कायदा आणि आपली जबाबदारी





यंदाच्या पावसाळ्यात आपल्या शाळेतील काही मुलांनी नाल्याकाठी सापाचे एक पिल्लू पकडले आणि लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घालून वर्गात आणले. झाकणाला खिळ्याने भोके पाडलेली होती, तळाशी थोडे पाणी होते आणि त्यात एक मासोळी सोडलेली होती. मुलांचा हेतू वाईट नव्हता. त्याला घरच्या फिश टँकमध्ये ठेवायचे, असे त्यांनी ठरवले होते. वन विभागाला कळवून ते पिल्लू त्यांच्या ताब्यात दिले आणि विषय तेवढ्यावर मिटला. पण त्यानंतरच्या पालक सभेत एका मातोश्रींनी सरळ प्रश्न विचारला, "सर, तो तर पाण्यातला साप, बिनविषारी. मग मुलांनी पाळला तर बिघडले कुठे?"

प्रश्न चांगला आहे. मुलांना नुसते "नाही" म्हटले की ती लपून करतात. कारण समजले तर आपणहून थांबतात. म्हणून या अंकात याच प्रश्नाचे उत्तर सविस्तर देण्याचे आम्ही योजिले आहे.

हा पाहुणा कोण?

आपल्याकडे नदी, नाले, तलाव आणि विहिरींच्या आसपास दिसणारा हा साप म्हणजे दिवड. कोणी त्याला विरोळा म्हणतात, कोणी नुसता पाणसाप. हिंदीत त्याला पनिहा साँप म्हणतात. शास्त्रीय नावातील 'पिस्केटर' या लॅटिन शब्दाचा अर्थ मासे धरणारा, म्हणजेच कोळी. पिवळसर किंवा हिरवट तपकिरी अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे चौकोन आणि डोळ्याखालून निघणाऱ्या दोन काळ्या तिरप्या रेघा, ही त्याची ओळख. मासे आणि बेडूक हे त्याचे मुख्य अन्न.

जुनी इंदूर ही वस्तीच मुळी कान्ह (जुन्या बोलण्यात खान) आणि सरस्वती या नद्यांच्या आश्रयाने वाढलेली. त्यामुळे पावसात बिळांत पाणी शिरले की दिवड अंगणात, मोरीत, कधी शाळेच्या मैदानावर येतो. आपण त्याच्या घराशेजारी राहतो, एवढेच त्यामागचे कारण.

दिवड बिनविषारी आहे हे खरे. पण बिनविषारी म्हणजे गरीब असे नव्हे! दिवड तापट असतो. हात लावला की मान चपटी करून डोके उचलतो. त्यामुळे पुष्कळ लोक त्याला नाग समजतात आणि बिचारा लाठीखाली जीव गमावतो. पकडले तर तो कडकडून चावतो आणि बारीक दातांच्या जखमेतून रक्तही बरेच येते.

उलटी चूक जास्त धोक्याची आहे. नागाला किंवा घोणसाच्या पिल्लाला "अरे, हा तर पाण्यातला" असे समजून मुलाने हात घातला तर काय होईल? भारतात सापांच्या तीनशेहून अधिक जाती आहेत आणि लहान पिल्लांची ओळख पटवताना अनुभवी माणसेही सावध असतात. शिवाय पाण्यात पोहणारा प्रत्येक साप पाणसाप नसतो. नागही उत्तम पोहतो. कोकणच्या किनाऱ्यावर कोळ्यांच्या जाळ्यात येणारे समुद्रसाप तर विषारी असतात. आपल्याकडचे सर्पविषावरील औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषापासून बनवतात, त्यात समुद्रसापाच्या विषाचा समावेश नाही. सारांश, "पाण्यातला साप चावत नाही, चावला तरी चढत नाही" ही समजूत डोक्यातून काढून टाकावी.

कायदा काय म्हणतो?

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ साली झाला. दिवड या कायद्याने संरक्षित आहे. कायद्यात 'शिकार' या शब्दाचा अर्थ केवळ ठार मारणे असा नाही. वन्य प्राण्याला पकडणे, फासात अडकवणे, पकडण्याचा प्रयत्न करणे, हे सर्व शिकारीतच मोडते. सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी फोडणे किंवा हलवणे सुद्धा! त्यामुळे बरणीत घातलेले पिल्लू मुलांच्या दृष्टीने खेळ असला तरी कायद्याच्या दृष्टीने गुन्हा ठरतो. त्यासाठी कैद आणि दंड या दोन्हींची तरतूद आहे, आणि घरात असा प्राणी सापडला तर प्रश्न घरातील मोठ्यांना विचारले जातात.

श्रावणात नागपंचमीला टोपलीत नाग घेऊन दारोदार येणाऱ्या सपेऱ्यांनाही हाच कायदा लागू आहे. त्या नागांचे दात बहुधा तोडलेले असतात. तहानेने व्याकुळ असल्यामुळे ते दुधाला तोंड लावतात. दूध हे सापाचे अन्न नाही आणि ते त्याला पचतही नाही. नागाची पूजा करायची तर चित्राची, मातीच्या मूर्तीची करावी. आपल्या आज्या पाटावर गंधाने नाग काढून पूजा करीत, त्यात काही उणे नव्हते.

मग परदेशी साप? थायलंड, कंबोडिया, व्हिएतनाम या देशांत एक विलक्षण पाणसाप असतो. त्याच्या नाकाशी दोन मऊ शिंगे असतात आणि तो जवळजवळ सगळे आयुष्य पाण्यातच काढतो. दचकलेला मासा कोणत्या दिशेला पळेल हे जाणून तो आपल्या अंगाची हालचाल अशी करतो की मासा स्वतःच त्याच्या तोंडाकडे वळतो! अमेरिकेतील शास्त्रज्ञ केनेथ कटानिया यांनी २००९ मध्ये ही युक्ती वेगवान कॅमेऱ्याने चित्रित करून सिद्ध केली. युरोप-अमेरिकेत काही हौशी लोक असे साप पाळतात. पण परदेशी प्राण्यांबाबत आपल्याकडचे नियमही कडक झाले आहेत. २०२२ च्या दुरुस्तीने आंतरराष्ट्रीय करारातील प्राण्यांसाठी कायद्यात स्वतंत्र अनुसूची आली आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे असे प्राणी बाळगणाऱ्यांना सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. दुकानदार "सब चलता है" म्हणाला, तरी जबाबदारी घेणाऱ्याचीच असते.

समजा कायदा नसता, तरी?

हुशार मुले येथे विचारतील की कायद्याची गोष्ट कळली, पण सापाचे काय बिघडते? त्याला पाणी मिळते, मासे मिळतात. आता ते पाहू.

पहिली गोष्ट पाण्याची. पाणसाप हा मासा नव्हे. तो फुप्फुसाने श्वास घेतो. दिवड पाण्यात शिकार करतो, पण कोरड्या जागी येऊन ऊन खातो आणि अंग सुकवतो. सतत ओल्यात ठेवलेल्या सापाच्या खवल्यांखाली पाण्याचे फोड येतात, ते पिकतात आणि शेवटी साप मरतो. म्हणजे ज्या पाण्यासाठी आपण टाकी भरली, तेच त्याला मारते.

दुसरी गोष्ट उष्णतेची. सापाचे शरीर आपल्यासारखे स्वतःची ऊब राखत नाही. अन्न पचवायलाही त्याला बाहेरची ऊब लागते. जंगलात तो उन्हातून सावलीत, सावलीतून पाण्यात जाऊन हे साधतो. इंदूरचा मे महिना आणि इंदूरचा जानेवारी आपण जाणतोच. खिडकीजवळची काचेची टाकी उन्हाळ्यात भट्टी होते आणि हिवाळ्यात बर्फाचा गोळा. त्यातून पळायला सापाला जागा नसते.

तिसरी गोष्ट अन्नाची. बाजारात स्वस्त मिळणारा गोल्डफिश सापाला रोज खाऊ घातला तर काय हरकत? हरकत आहे. गोल्डफिशसारख्या काही माशांत थायमिनेज नावाचे द्रव्य असते. ते जीवनसत्त्व 'ब-१' नष्ट करते. अशाच माशांवर पोसलेल्या सापाला काही काळाने झटके येतात, तोल जातो आणि उपचार न झाल्यास तो मरतो. नदीत तो तऱ्हेतऱ्हेचे मासे व बेडूक खातो, म्हणून तेथे हा त्रास होत नाही.

चौथी गोष्ट स्वच्छतेची. मासे खाणाऱ्या सापाची विष्ठा पाण्यात पडते आणि पाणी लवकर सडते. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर आणि पाण्यात साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. प्राणी स्वतः ठणठणीत दिसतो, पण त्या पाण्यात हात घालून तोच हात तोंडात घालणाऱ्या लहान मुलाला जुलाब व तीव्र ताप येतो. याच कारणावरून अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांहून लहान पाळीव कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. ज्यांच्या घरी कासवाची टाकी आहे त्यांनी हे अवश्य लक्षात ठेवावे आणि टाकी स्वयंपाकघराच्या मोरीत कधीही धुऊ नये.

पाचवी गोष्ट, कंटाळा आल्यावर काय? साप लहानसहान फटीतूनही निसटतो. निसटला नाही तर काही महिन्यांनी मोठा होतो, आणि मग घरची मंडळी म्हणतात, सोडून या कुठेतरी. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात हौसेने पाळलेले ब्रह्मदेशी अजगर असेच एव्हरग्लेड्सच्या दलदलीत पोचले आणि तेथील ससे, रॅकून यांच्यासारखे प्राणी झपाट्याने कमी झाले. शेवटी २०१२ मध्ये तेथील सरकारला या अजगरांच्या आयातीवर बंदी घालावी लागली. एका घराची हौस एका प्रदेशाची डोकेदुखी झाली.

मग सापाची आवड असेल त्याने काय करावे?

सापांची आवड ही वाईट गोष्ट नव्हे. पुण्याचे नीलिमकुमार खैरे यांनी १९८० मध्ये काचेच्या खोलीत ७२ विषारी सापांसह ७२ तास राहून दाखवले. डिवचल्याशिवाय साप उगीच चावत नाही, हे त्यांना लोकांना पटवायचे होते. त्यांच्याच प्रयत्नांतून पुढे कात्रजचे सर्पोद्यान उभे राहिले. मुलांनी त्यांचा अभ्यास आणि चिकाटी घ्यावी. काचेची खोली मात्र घेऊ नये!

आपल्या गावातही सोयी आहेत. नवलखा येथील कमला नेहरू प्राणी संग्रहालयात, म्हणजे आपल्या चिडियाघरात, सर्पगृह आहे. सिरपूर तलाव आणि यशवंत सागर या दोन्हींना २०२२ मध्ये रामसर यादीत स्थान मिळाले. सकाळी पालकांसोबत काठावर शांत उभे राहिले तर पाण्यावर डोके काढून पोहणारा दिवड कदाचित दिसेल. त्याचे चित्र काढा, तारीख, वेळ, हवामान वहीत लिहा. अशी वर्षभराची वही बरणीतल्या सापापेक्षा कितीतरी जास्त शिकवील.

घरात पाण्याचीच टाकी हवी असेल तर गप्पी किंवा मॉलीसारखे सोपे मासे पाळा. त्यांचे पाणी बदलणे, खाणे मोजून घालणे, हे सहा महिने नेमाने जमले तर समजा की जबाबदारी घेता येते.

साप घरात आला तर

घाबरू नका आणि "साप साप म्हणून भुई धोपटू" नका. मुलांना व पाळीव प्राण्यांना दूर करा. एका मोठ्या माणसाने लांबून त्याच्यावर नजर ठेवावी आणि वन विभागास किंवा प्राणी संग्रहालयास कळवावे. स्वतः पकडू नका. मारू तर मुळीच नका.

आणि चावलाच, तर "दिवडच असेल" असे गृहीत धरून घरी बसू नका. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे बारा लाख माणसे सर्पदंशाने दगावली. जास्त मृत्यू असलेल्या राज्यांत आपला मध्य प्रदेशही आहे. यातील पुष्कळ जीव केवळ झाडफुंकीत वेळ गेल्यामुळे जातात. म्हणून जखम कापू नये, चोखू नये, दोरीने आवळून बांधू नये. अंगठी, बांगडी, घड्याळ काढावे. अवयव न हलवता माणसाला धीर देत थेट एम. वाय. किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्यावे. साप पकडून डॉक्टरांना दाखवायला नेण्याची गरज नाही, तेवढा वेळही वाया घालवू नये.

शाळेचा निर्णय

विश्वस्त मंडळाशी चर्चा करून आम्ही दोन गोष्टी ठरवल्या आहेत. एक, कोणताही वन्य प्राणी, त्याचे पिल्लू किंवा अंडे शाळेत आणता येणार नाही. दोन, ज्याच्या जवळ असे काही आधीच असेल त्याने वर्गशिक्षकांना येऊन सांगावे. सांगणाऱ्या विद्यार्थ्यास शिक्षा होणार नाही. पुढचे काम शाळा व पालक मिळून करतील.

ही दुसरी गोष्ट आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते. भीतीपोटी लपवलेली बरणी पलंगाखाली जाते, आणि तेथे साप व मूल दोघेही संकटात असतात. तरी पालकांनी आज संध्याकाळी जेवताना मुलांशी या विषयावर न रागावता बोलावे, ही नम्र विनंती. मुलांनी जे विचारले आणि आपल्याला सांगता आले नाही, ते प्रश्न चिठ्ठीवर लिहून शाळेत पाठवावे. पुढील अंकात विज्ञान शिक्षकांच्या मदतीने त्यांची उत्तरे देऊ.

आपले,
प्राचार्य