नाव यशवंतपूरचे, मत राजराजेश्वरीनगरात : बंगळूरुतील तरुणांसमोरची राजकारणाची वाट

बंगळूरुच्या वायव्येकडील यशवंतपूरमध्ये राहणाऱ्या नव्या मतदाराला राजकारणाचा पहिला धडा मिळतो तो भूगोलाचा. कर्नाटक विधानसभेत यशवंतपूर नावाचा मतदारसंघ आहे. मात्र २०१५ च्या महापालिका निवडणुकीतील यशवंतपूर प्रभाग त्या मतदारसंघात नव्हता. तो राजराजेश्वरीनगर मतदारसंघात मोडत होता. यशवंतपूर हे नाव धारण करणाऱ्या मतदारसंघात केंगेरी, उल्लाळ, हेरोहळ्ळी, हेम्मिगेपुरा अशा शहराच्या पश्चिम आणि नैऋत्य कडेच्या वस्त्या होत्या. लोकसभेसाठी हा मतदारसंघ बंगळूरु उत्तरला, तर राजराजेश्वरीनगर बंगळूरु ग्रामीणला जोडलेला. त्यामुळे महानगराच्या ऐन वस्तीत राहणारा यशवंतपूरचा रहिवासी 'ग्रामीण' खासदार निवडून देतो.

हा केवळ नकाशावरचा विनोद नव्हे. आपला नगरसेवक कोण, आमदार कोण, तक्रार कोणाकडे न्यायची, हेच ज्याला ठाऊक नाही त्याने पक्षाच्या कामात रस घ्यावा ही अपेक्षा फोल ठरते. तरुणांनी राजकारणात यावे, असे सर्वच पक्ष सांगतात. ते यावेत कोणत्या दाराने, याचे उत्तर मात्र यशवंतपूरमध्ये सहजासहजी मिळत नाही.

मताचा हक्क आणि उमेदवारीचे वय

मतदानाचे वय २१ वरून १८ वर आणणारी ६१ वी घटनादुरुस्ती २८ मार्च १९८९ पासून अमलात आली. उमेदवारीचे वय मात्र बदलले नाही. लोकसभा आणि विधानसभेसाठी ते २५ वर्षे, राज्यसभा आणि विधान परिषदेसाठी ३०, तर पंचायत व महापालिकेसाठी २१ वर्षे आहे. लोकसभा-विधानसभेसाठीही ते १८ करावे, अशी शिफारस संसदेच्या स्थायी समितीने २०२३ मध्ये केली होती. नावनोंदणीची अडचण काहीशी कमी झाली आहे. पूर्वी १ जानेवारी ही एकच अर्हता तारीख असे आणि फेब्रुवारीत अठरा पूर्ण करणाऱ्यास जवळजवळ वर्षभर थांबावे लागे. आता जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांची पहिली तारीख ग्राह्य धरली जाते.

तरीही बंगळूरु मतदानात मागेच राहते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत कर्नाटकात सुमारे ७० टक्के मतदान झाले. बंगळूरुच्या उत्तर, मध्य आणि दक्षिण या तिन्ही मतदारसंघांत ते ५३ ते ५४ टक्क्यांच्या आसपास राहिले. याचे खापर बहुधा तरुणांच्या उदासीनतेवर फोडले जाते. ते पूर्णतः न्याय्य नाही. यशवंतपूर हे मोठे रेल्वे जंक्शन आहे, शेजारी पीण्याची औद्योगिक वसाहत आहे. येथे कामासाठी आलेल्या असंख्य तरुणांची नावे अजूनही गावच्या यादीत असतात, आणि भाड्याची खोली दर अकरा महिन्यांनी बदलणाऱ्यास नवे नाव नोंदविण्याचा उत्साह राहत नाही.

शाळाच बंद

जुन्या पिढीतील अनेक नेते महाविद्यालयांतून पुढे आले. महाराष्ट्रात प्रमोद महाजन आणि गोपीनाथ मुंडे, कर्नाटकात अनंतकुमार हे विद्यार्थी परिषदेतून घडले. शरद पवार युवक काँग्रेसच्या कामातून १९६७ मध्ये वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी बारामतीचे आमदार झाले. आज ती वाट दोन्ही राज्यांत जवळजवळ बुजली आहे. कर्नाटकात महाविद्यालयीन संघांच्या थेट निवडणुका १९८९ च्या सुमारास हिंसाचाराच्या कारणावरून थांबविण्यात आल्या. महाराष्ट्रातही त्याच सुमारास मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खून झाल्यानंतर वातावरण पालटले आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने खुल्या निवडणुकीऐवजी गुणवत्तेनुसार निवडीची पद्धत आणली. २०१६ च्या नव्या कायद्याने खुल्या निवडणुकीची तरतूद पुन्हा केली, पण २०१९ मधील निवडणुका पुढे ढकलल्या गेल्या.

मध्यंतरी लिंगडोह समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २००६ मध्ये लागू केल्या होत्या. पदवीच्या उमेदवारासाठी १७ ते २२ वर्षे वय, पाच हजार रुपयांची खर्चमर्यादा, ७५ टक्के उपस्थिती, छापील फलकांना बंदी असे नियम त्यात होते. म्हणजे हिंसा आणि पैसा यांना आवर घालून निवडणूक घेता येईल असा आराखडा तयार होता. तो वापरण्याऐवजी निवडणूकच न घेणे प्रशासनांना सोयीचे वाटले, असेच म्हणावे लागते.

दुसरी शाळा म्हणजे महापालिका. एकविसाव्या वर्षी उमेदवारी करता येईल असे हे घराजवळचे सभागृह. बृहत् बंगळूरु महापालिकेची शेवटची निवडणूक ऑगस्ट २०१५ मध्ये १९८ प्रभागांसाठी झाली. सभागृहाची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली आणि कारभार प्रशासकांकडे गेला. त्यानंतर प्रभागांच्या सीमा पुन्हा पुन्हा आखल्या गेल्या, आरक्षणावरून न्यायालयात वाद झाले. २०२४ च्या ग्रेटर बंगळूरु कायद्यानुसार सप्टेंबर २०२५ मध्ये जुन्या महापालिकेच्या जागी पाच महापालिका अस्तित्वात आल्या. पाच वर्षे उलटून गेली तरी शहरात एकही निवडून आलेला नगरसेवक नव्हता. २०१५ मध्ये अठरा वर्षे पूर्ण न झालेला यशवंतपूरचा मुलगा पंचविशी ओलांडून गेला, पण त्याने महापालिकेसाठी एकदाही मत दिले नाही. मुंबईकरांना हे अपरिचित वाटणार नाही; तेथील महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि मतदानास जानेवारी २०२६ उजाडले.

याचा सर्वाधिक फटका स्त्रियांना बसतो. कर्नाटकात स्थानिक संस्थांतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत; महाराष्ट्राने २०११ मध्ये तोच मार्ग स्वीकारला. विधानसभेत असे आरक्षण लागू नसताना २०२३ च्या निवडणुकीत कर्नाटकातील २२४ जागांवर अवघ्या दहा स्त्रिया निवडून आल्या. समतेचे जे दार कायद्याने खरोखर उघडले, तेच निवडणुकीअभावी सर्वाधिक काळ बंद राहिले.

कार्यकर्ता कोणाचा?

पक्षांच्या युवक शाखा हा तिसरा मार्ग. तेथे लोकशाही आणण्याचा सर्वाधिक गाजलेला प्रयोग युवक काँग्रेसचा. २००७ नंतर सदस्यनोंदणी आणि अंतर्गत निवडणूक यांतून पदाधिकारी निवडण्याची पद्धत सुरू झाली. नेमणुकांचा बाजार बंद व्हावा हा हेतू होता. प्रत्यक्षात सदस्य जमविण्यासाठी साधने लागतात आणि ती घराण्यांकडे असतात. कर्नाटकात २०२१ च्या निवडणुकीत सर्वाधिक मते मिळविणारा उमेदवार फौजदारी प्रकरणांवरून अपात्र ठरला, दुसऱ्यास अध्यक्षपद मिळाले आणि वर्षभराने ते पहिल्याकडे गेले. एक आमदारपुत्र, दुसरा माजी मंत्र्याचा पुत्र. सामान्य घरातील सदस्याने यातून काय शिकावे?

सीमाभागातील चित्रही वेगळे नाही. २०२४ मध्ये चिक्कोडीतून प्रियांका जारकीहोळी सत्ताविसाव्या वर्षी, तर बीदरमधून सागर खंड्रे सव्विसाव्या वर्षी लोकसभेवर गेले. दोन्ही मतदारसंघांत मराठी भाषक मोठ्या संख्येने आहेत आणि दोन्ही खासदारांचे वडील त्या वेळी राज्यात मंत्री होते. भाजपचे तेजस्वी सूर्या २०१९ मध्ये अठ्ठाविसाव्या वर्षी बंगळूरु दक्षिणमधून निवडून आले. त्यांचे काका आमदार होते. २०२४ मध्ये त्यांच्यासमोर काँग्रेसने उभ्या केलेल्या सौम्या रेड्डी याही मंत्र्यांच्या कन्या. संसदेचे सरासरी वय कमी झाले, तरी आत येण्याचे दार रुंद झालेच असे नाही.

यशवंतपूरच्या कार्यकर्त्याची आणखी एक परीक्षा झाली. जुलै २०१९ मध्ये विधानसभा अध्यक्षांनी सतरा आमदारांना अपात्र ठरविले, त्यांत यशवंतपूर आणि राजराजेश्वरीनगर या दोन्ही जागांचे आमदार होते. नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपात्रता कायम ठेवली, पण पोटनिवडणूक लढविण्याची मुभा दिली. यशवंतपूरमध्ये डिसेंबर २०१९ मध्ये आणि राजराजेश्वरीनगरात नोव्हेंबर २०२० मध्ये तेच दोघे, काँग्रेसऐवजी भाजपच्या चिन्हावर, पुन्हा निवडून आले. यशवंतपूरचे एस. टी. सोमशेखर यांना मे २०२५ मध्ये भाजपनेही पक्षातून काढले. २०१८ मध्ये ज्यांच्या विरोधात पत्रके वाटली त्यांच्याचसाठी वर्षभरात घोषणा देण्याची पाळी भाजपच्या तरुणांवर आली. काँग्रेसच्या तरुणांना उलट्या दिशेने तोच प्रश्न पडला. पक्षांतरबंदी कायदा आमदाराला शिक्षा करतो, कार्यकर्त्याचा विचार त्यात कोठेच नाही.

समतेची चळवळ आणि पक्षाचा उंबरठा

राजकारणाची ओढ तरुणांना नसते, हे मात्र इतिहास खोटे ठरवितो. यशवंतपूरपासून फार दूर नसलेल्या श्रीरामपूरच्या गरीब वस्तीत वाढलेले कवी सिद्धलिंगय्या सत्तरच्या दशकात दलित संघर्ष समितीच्या उभारणीत होते. १९७३ मध्ये मंत्री बी. बसवलिंगप्पा यांनी कन्नड साहित्याचा बराचसा भाग 'बुसा', म्हणजे गुरांचा कोंडा, असल्याचे म्हटले. त्यावर उसळलेल्या वादात त्यांचे मंत्रिपद गेले आणि दलित विद्यार्थी प्रथमच मोठ्या संख्येने संघटित झाले. एक वर्ष आधी, १९७२ मध्ये, मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आदींनी दलित पँथर स्थापन केली होती. दोन्ही संघटनांचे प्रमुख कार्यकर्ते विशी-तिशीतले होते, दोन्हींत कवी पुढे होते आणि दोन्हींत पुढे फूट पडली. पक्षीय राजकारणाशी नाते कोणते ठेवावे, हा प्रश्न त्या फुटीच्या मुळाशी वारंवार येतो. सिद्धलिंगय्या १९८८ मध्ये विधान परिषदेवर नियुक्त झाले. काहींना ती चळवळीची पोच वाटली, काहींना माघार.

अलीकडचे उदाहरण अधिक बोलके आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने भविष्यनिर्वाह निधीचे नियम बदलले. नोकरी सोडल्यास मालकाच्या हिश्श्याची रक्कम ५८ व्या वर्षापर्यंत काढता येणार नव्हती. बंगळूरुच्या तयार कपड्यांच्या कारखान्यांत बहुसंख्य कामगार तरुण स्त्रिया आहेत. कारखान्यात चाळिशीनंतर टिकून राहणे कठीण असते आणि मुलांचे शिक्षण, लग्नकार्य, आजारपण यांसाठी तोच पैसा हाती असतो. १८ एप्रिल रोजी त्या होसूर रस्त्यावर उतरल्या. दुसऱ्या दिवशी आंदोलन तुमकूरु रस्त्यावर, पीण्या आणि जालहळ्ळी चौकापर्यंत, म्हणजे यशवंतपूरच्या दारात पोहोचले. दगडफेक झाली, बसगाड्या जळाल्या, पोलिसांनी लाठीमार केला. त्याच दिवशी सरकारने नियम मागे घेतला. यामागे कोणताही मोठा पक्ष नव्हता; अस्तित्वात असलेल्या छोट्या कामगार संघटनाही गर्दीच्या मागून धावत होत्या.

दोन दिवसांत केंद्राचा निर्णय फिरविणाऱ्या या स्त्रिया नंतर कोणत्याही पक्षाच्या समितीवर ठळकपणे दिसल्या नाहीत. कारणे साधी आहेत. पक्षाच्या बैठका संध्याकाळी असतात, तेव्हा कारखान्यातून परतलेल्या बाईला स्वयंपाक आणि पाणी भरणे असते. बैठकीला जाणे म्हणजे बसभाडे आणि घरच्यांचे बोलणे. उमेदवारीसाठी लागणारी रक्कम तर तिच्या कल्पनेपलीकडची. युवक शाखांमध्ये ओढून आणला जातो तो बहुधा मोटारसायकल आणि मोकळा वेळ असलेला तरुण.

प्रभाग समित्या हा त्यातल्या त्यात जवळचा मार्ग होता. कर्नाटकच्या कायद्यानुसार नगरसेवकाच्या अध्यक्षतेखाली दहा सदस्य असत, त्यांत किमान तीन स्त्रिया आणि दोन अनुसूचित जाती-जमातींचे. गटार, पथदिवे, कचरा या विषयांवर तेथे चर्चा होई, आणि त्यासाठी पक्षाचे तिकीट लागत नसे. मात्र सदस्य निवडून येत नसून नेमले जात, आणि सभागृहाची मुदत संपताच समितीचा अध्यक्ष असणारा नगरसेवकच उरला नाही. नव्या पाच महापालिकांसाठी ३६९ प्रभाग आखण्यात आले आहेत. त्यांत यशवंतपूरचा तरुण मतदार कोणत्या प्रभागात मोडतो, हे त्याला मतदार यादी उघडून पुन्हा एकदा पाहावे लागेल.