गणवेष आणि आत्मविश्वास

दिवसभर बँकेंत हिशेब लिहिणारा कारकून किंवा शाळेंत शिकविणारी शिक्षिका सायंकाळीं पोलिसाचा गणवेष चढवून रस्त्यावर उभी राहते आणि त्याबद्दल वेतन घेत नाहीं, हें ऐकून आमच्या वाचकांस नवल वाटेल. इंग्लंड व वेल्समध्यें ही प्रथा जुनी आहे. अशा स्वयंसेवकांस तेथें ‘स्पेशल कॉन्स्टेबल’ म्हणतात. १८३१ च्या कायद्यानें त्यांच्या नेमणुकीस व्यवस्थित रूप आलें. आज शपथ घेतांच त्यांस अटक करण्याचा जो अधिकार मिळतो, तो पगारी शिपायाच्या अधिकाराहून तिळभरहि उणा नसतो.

परंतु शपथेबरोबर अधिकार येतो, आत्मविश्वास येत नाहीं. पगारी शिपायाचें तें रोजचेंच काम. स्वयंसेवकाकडून सामान्यतः महिन्यास निदान १६ तासांची अपेक्षा असते. शिकलेलीं कलमें, आत्मसंरक्षणाचे डाव, जबानी लिहून घेण्याची रीत हीं मधल्या दिवसांत विसरावयास कितीसा वेळ लागणार? ऐन गर्दींत आपला अधिकार कोठवर हें आठवेनासें झालें, कीं मनुष्य एक तर बुजतो, नाहीं तर उगाच आवाज चढवितो; आणि दोहोंचा त्रास नागरिकासच होतो.

म्हणूनच प्रारंभिक शिक्षणानंतर तेथें नवख्यास अनुभवी शिपायाच्या जोडीनें गस्तीस धाडतात. त्याचें काम पारखून तो योग्य ठरला, तरच एकट्यानें गस्त घालण्याची मोकळीक मिळते. आत्मसंरक्षणाचे धडे तर पुनःपुन्हां गिरवावे लागतात. २०२२ मध्यें विजेचा धक्का देणारें ‘टेझर’ वापरण्याची वाट त्यांस खुली झाली, तीहि विशेष शिक्षणाच्या अटीवरच.

शिक्षणांत कसूर झाल्यास काय होतें, याचें उदाहरण आपल्याच देशांत आहे. छत्तीसगडांत तुटपुंज्या मानधनावर आदिवासी तरुणांस विशेष पोलीस नेमून, अपुऱ्या शिक्षणानिशीं नक्षलवाद्यांसमोर उभें केलें गेलें. २०११ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ती पद्धत घटनाबाह्य ठरविली. त्या तरुणांच्या जीविताच्या हक्काचाच तो प्रश्न होता.

आपल्याकडे मुंबईंत १९४६ च्या डिसेंबरांत उभें राहिलेलें होमगार्ड दल आजहि पोलिसांच्या मदतीस येतें. घरांतील मुलगा वा सून अशा सेवेस निघाली, तर वडीलधाऱ्यांनीं तिला आशीर्वाद अवश्य द्यावा. मात्र त्याबरोबरच शिकविणार कोण, किती दिवस आणि पहिल्या बंदोबस्तास सोबत कोण असेल, हेंहि विचारावें.