पहिला मायक्रोकंट्रोलर बोर्ड घेताना
● मुलांसाठी : मायक्रोबिट. २५ एलईडींचा पडदा आणि दोन बटणे बोर्डावरच असल्याने पहिल्या दिवशी वायरींची गरज नाही.
● वायरी जोडत शिकायचे तर : आर्डुइनो उनो (५ व्होल्ट, ३२ केबी फ्लॅश मेमरी).
● पायथन येत असेल तर : रास्पबेरी पाय पिको. हा ३.३ व्होल्टचा आहे, म्हणून ५ व्होल्ट सोडणारा सेन्सर थेट जोडू नका.
● सोबत हवेच : ब्रेडबोर्ड, जंपर वायरी, एलईडी, २२० किंवा ३३० ओहमचे रेझिस्टर. यूएसबी केबल डेटा वाहणारी घ्या. नुसत्या चार्जिंगच्या केबलने प्रोग्राम चढत नाही.
● सिंगापुरात कुठे : सुटे भाग जालान बेसारच्या सिम लिम टॉवरमध्ये, पुस्तकांसाठी बिशान पब्लिक लायब्ररी.
● धडे : आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मधली आर्डुइनोची मोफत मालिका.