रंगमंचावरून कॅमेऱ्यामागे

भोपाळच्या मोठ्या तलावाकाठी चार्ल्स कोरिया यांनी उभारलेलं भारत भवन १९८२ साली खुलं झालं. तिथल्या रंगमंडळाची धुरा बी. व्ही. कारंतांकडे होती. या रंगमंडळाच्या नटांना घेऊन पूर्व जर्मनीचे दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ यांनी ब्रेख्तचं ‘कॉकेशियन चॉक सर्कल’ बुंदेली बोलीत बसवलं, ‘इन्साफ का घेरा’ या नावानं. मराठी प्रेक्षकांनी हे नाटक त्याआधीच, सत्तरच्या दशकात पाहिलं होतं. चिं. त्र्यं. खानोलकरांनी मराठीत आणलेलं ‘अजब न्याय वर्तुळाचा’ बेनेविट्झ यांच्या सोबतीनं नटी आणि दिग्दर्शक विजया मेहता यांनी उभं केलं होतं. पुढे विजयाबाईंनी थेट जर्मनीत, तिथल्या नटांना घेऊन ‘शाकुंतल’ आणि ‘मुद्राराक्षस’ बसवलं.

विजयाबाई पुढे रंगमंचावरून कॅमेऱ्यामागे गेल्या. तसाच प्रवास त्या काळात जर्मनीतही घडत होता. मार्गारेट फॉन ट्रोटा श्टुटगार्ट आणि फ्रँकफर्टच्या रंगभूमीवर काम करणारी नटी. १९७५ साली तिनं फोल्कर श्लोंडॉर्फबरोबर पहिला चित्रपट दिग्दर्शित केला आणि १९८१ साली व्हेनिस चित्रपट महोत्सवाचा सुवर्णसिंह पटकावला.

रंगभूमीवरची नटी चित्रपटाला काय देते, याचं उत्तर ‘बॅरिस्टर’मध्ये सापडतं. जयवंत दळवींनी आपल्या ‘अंधाराच्या पारंब्या’ या कादंबरीवरून लिहिलेलं हे नाटक विजयाबाईंनी १९७७ साली रंगमंचावर आणलं. त्यात केशवपन झालेली मावशी त्यांनी स्वतः साकारली. १९८६ साली याच कथेवर त्यांनी ‘रावसाहेब’ हा हिंदी चित्रपट केला आणि मावशीची भूमिका पुन्हा स्वतःकडेच ठेवली. नाट्यगृहात मावशीचं दुःख शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचं, तर आवाज, चाल, पदराची हालचाल, सगळं पणाला लावावं लागतं. कॅमेऱ्यासमोर तेच दुःख पापणीच्या हालचालीत मावावं लागतं. नटीला हे आतून उमगलेलं असलं, की दिग्दर्शक म्हणून समोरच्या नटाला किती करायचं आणि कुठे थांबायचं, हे ती अचूक सांगू शकते. या भूमिकेसाठी विजयाबाईंना सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पाठोपाठ नसीरुद्दीन शहा, अनुपम खेर आणि शबाना आझमी यांना घेऊन ‘पेस्तनजी’ आला.

या वाटचालीचा पाया ‘रंगायन’मध्ये घातला गेला. १९६० साली सुरू झालेल्या या प्रायोगिक संस्थेत तालमीला प्रयोगाइतकंच महत्त्व होतं. भूमिका पाठांतरातून उभी राहत नाही, ती संहितेच्या मुळाशी जाऊन शोधावी लागते, ही शिस्त तिथे अंगी बाणली. चित्रपट करताना माध्यम बदललं, ही शिस्त मात्र सुटली नाही.

आज एकांकिका स्पर्धा गाजवणाऱ्या कितीतरी मुली दोन-चार वर्षांत मालिकांकडे वळतात आणि तिथेच अडकतात. दिग्दर्शन हा आपलाही प्रांत आहे, हे त्यांना कुणीतरी ठामपणे सांगायला हवं. नाट्यप्रशिक्षणाच्या प्रत्येक वर्गात ‘बॅरिस्टर’ची संहिता आणि ‘रावसाहेब’ शेजारी ठेवून शिकवलं, तर हे सांगणं सहज होईल.